भाताचा परागकण आणि जनुकांचे नियंत्रण : काय कळले, काय उरले

प्रश्नाची दोन तोंडे

डिंडोली आता सुरत शहरात सामावली आहे. पण शहर ओलांडून चोर्यासी किंवा ओलपाड तालुक्यात गेले की काकरापार कालव्याच्या पाण्यावर उसाच्या जोडीने भात उभे दिसते. खरिपाचे भात तर होतेच, शिवाय उन्हाळी भातही घेतले जाते. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेले हे पीक साधारण एप्रिलमध्ये निसवते, म्हणजे ऊन चढत असतानाच फुलोऱ्यात येते. डिंडोलीतल्या खानदेशी कुटुंबांपैकी अनेकांची मुळे नंदुरबार, धुळे, जळगाव या जिल्ह्यांत आहेत आणि नवापूरकडच्या भाताशी त्यांचा जुना परिचय आहे. लोंबी बाहेर पडल्यावर तिच्यातले किती दाणे भरतील आणि किती पोचट राहतील, ही काळजी त्यांना कुणी समजावून सांगायला नको.

दाणा पोचट राहण्याची कारणे अनेक आहेत. कीड, करपा, अन्नद्रव्यांची कमतरता, फुलोऱ्यात आलेला पाऊस ही कारणे शेतकऱ्याच्या ओळखीची आहेत. एक कारण मात्र डोळ्यांना दिसत नाही, ते म्हणजे परागकण नीट तयार न होणे. भात हे मुख्यतः स्वपरागित पीक आहे. त्याचे फूल आयुष्यात एकदाच, बहुधा सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान, सुमारे तासभर उघडते. त्याच्या सहा परागकोशांतले पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतात आणि बाहेर पडल्यावर काही मिनिटांतच निर्जीव होतात. तेवढ्या वेळात सशक्त परागकण कुक्षीवर पोचला नाही, तर त्या फुलाला दुसरी संधी नसते.

हे झाले प्रश्नाचे एक तोंड. दुसरे तोंड संकरित बियाण्याकडे आहे. दोन वेगळ्या वाणांचा संकर मोठ्या प्रमाणावर करायचा तर मादी म्हणून वापरायच्या झाडाचे स्वतःचे पराग निकामी असावे लागतात, नाहीतर ते झाड स्वतःचेच बी धरते. शेतकऱ्याच्या शेतात जे नुकसान, तीच बियाणे उत्पादकाची गरज. दोन्हींच्या मुळाशी एकच यंत्रणा आहे : परागकण घडवणारी आणि बिघडवणारी जनुके. या यंत्रणेबद्दल गेल्या पन्नास-साठ वर्षांत काय समजले, कोणत्या मुद्द्यांवर अभ्यासकांचे एकमत नाही आणि आपल्या भागासाठी कोणते प्रश्न उघडे आहेत, त्याचा हा आढावा आहे.

पार्श्वभूमी : कटकपासून कर्जतपर्यंत

भाताच्या दोन मोठ्या गटांचा, म्हणजे इंडिका आणि जापोनिका यांचा संकर केला की पुढच्या पिढीची फुले बऱ्याच अंशी वांझ निघतात, ही गोष्ट जपानमध्ये १९२८ सालीच काटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवली होती. १९५०च्या दशकात कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत इंडिका-जापोनिका संकराचा मोठा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम चालला, तेव्हाही या वांझपणाने संशोधकांची वाट अडवली. त्याच कटकमध्ये १९५४ साली संपत आणि मोहंती यांनी दाखवले की वांझपणावर पेशीद्रव्याचाही प्रभाव पडतो, म्हणजे आई कोण आणि बाप कोण यावरही निकाल अवलंबून असतो. पुढे जपानमध्ये चोयू शिंजो यांनी भाताची पहिली पक्की पेशीद्रव्यजन्य नरवंध्य ओळ उभी केली. तिच्यासाठी वापरलेले पेशीद्रव्य बंगालच्या ‘चिन्सुरा बोरो २’ या वाणाचे होते.

प्रत्यक्ष वापराची वाट चीनमध्ये खुली झाली. युआन लाँगपिंग यांनी १९६४ मध्ये नरवंध्य झाडांचा शोध सुरू केला. १९७० मध्ये त्यांचे सहकारी ली बिहू यांना हायनान बेटावर रानभाताचे एक नरवंध्य झाड सापडले. त्याच्या पेशीद्रव्याला ‘वाइल्ड अबॉर्टिव्ह’, थोडक्यात ‘डब्ल्यूए’, असे नाव पडले. १९७३ पर्यंत त्यावर तीन ओळींची पद्धत बसवली गेली आणि १९७६ पासून संकरित भात चीनमध्ये मोठ्या क्षेत्रावर पसरले. या पद्धतीत ‘ए’ ही नरवंध्य ओळ असते, ‘बी’ ही तिला टिकवून धरणारी ओळ आणि ‘आर’ ही पराग पुन्हा सशक्त करणारी ओळ. ए आणि बी यांच्या संकरातून नरवंध्य ओळीचे बी मिळते, तर ए आणि आर यांच्या संकरातून शेतकऱ्याला द्यायचे संकरित बी.

भारतात १९८९ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने संकरित भाताचा मोहीमवजा कार्यक्रम हाती घेतला आणि १९९४ मध्ये पहिले संकरित वाण प्रसारित झाले. महाराष्ट्रात हे काम डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत येथील केंद्राने उचलले. तेथून १९९८ मध्ये ‘सह्याद्री’ हा संकरित वाण आला आणि त्यामागून सह्याद्री मालिकेतले पुढचे वाण. ‘सह्याद्री’ची मादी ओळ होती फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची ‘आयआर ५८०२५ ए’. तिचे पेशीद्रव्य डब्ल्यूएच आहे. म्हणजे १९७० साली हायनानमध्ये सापडलेल्या त्या एका झाडाचा वारसा रायगड जिल्ह्यातल्या खाचरांपर्यंत पोचलेला आहे.

इथवरचे काम जनुके न ओळखता, निरीक्षणाच्या आणि निवडीच्या बळावर झाले. २००५ मध्ये भाताचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. सुमारे ३८.९ कोटी अक्षरांच्या या आराखड्यात ३७,५४४ जनुकांचा अंदाज मांडला होता. दहा देशांच्या या प्रकल्पात भारताने अकराव्या गुणसूत्राचा एक भाग वाचला. त्यानंतर नरवंध्य झाड सापडले की त्यातला दोष नेमका कोणत्या जनुकात आहे, हे शोधणे आवाक्यात आले.

परागकोशात काय घडते

लोंबी बाहेर पडण्याच्या बऱ्याच आधी, ती पोटरीत असतानाच, सगळी महत्त्वाची कामे उरकलेली असतात. प्रत्येक परागकोशात चार कप्पे असतात. कप्प्याच्या भिंतीचे चार थर असतात आणि त्यांतला सर्वांत आतला थर म्हणजे टॅपेटम. त्याला आपण पोषकस्तर म्हणू. कप्प्यातल्या मातृपेशी अर्धसूत्री विभाजनाने प्रत्येकी चार सूक्ष्मबीजाणू तयार करतात. हे चौघे सुरुवातीला कॅलोज नावाच्या बहुशर्करेच्या वेष्टनात एकत्र असतात. पोषकस्तरातून स्रवणारी विकरे ते वेष्टन विरघळवतात आणि बीजाणू सुटे होतात. मग पोषकस्तर स्वतःच नियोजित पद्धतीने मरतो आणि त्यातला मेदाम्लांचा व इतर घटकांचा साठा परागकणाच्या टणक बाह्यभिंतीच्या कामी येतो. बीजाणूत पुढे दोनदा विभाजन होऊन तीन पेशींचा परागकण घडतो. त्यांतल्या दोन पेशी शुक्रपेशी असतात. शेवटी त्यात पिष्ट भरते.

आयोडीनच्या द्रावणात सशक्त परागकण काळानिळा होतो आणि वांझ परागकण रंग घेत नाही, ते या पिष्टामुळेच. नरवंध्य ओळ खरोखर वांझ आहे की नाही, हे तपासायला संशोधन केंद्रांत आजही हीच साधी चाचणी वापरतात.

एकमत कुठे आहे

पोषकस्तर घडवणाऱ्या आणि योग्य वेळी संपवणाऱ्या जनुकांची मुख्य क्रमवारी आता बहुतेकांना मान्य आहे. सर्वांत आधी येते एमएसपी१. जपानमध्ये २००३ साली ओळखलेले हे जनुक कोणत्या पेशींनी मातृपेशी व्हायचे आणि कोणत्या पेशींनी भिंतीचे थर व्हायचे, याची मर्यादा घालते. ते बिघडले की मातृपेशींची संख्या भरमसाट वाढते आणि पोषकस्तर घडतच नाही.

त्यापुढची पायरी यूडीटी१ची. कोरियात २००५ मध्ये ओळखलेले हे जनुक नसेल तर पोषकस्तराच्या पेशी पक्व होत नाहीत. २००६ मध्ये शांघायच्या गटाने टीडीआर मांडले. हे जनुक पोषकस्तराच्या मृत्यूची वेळ सांभाळते. ते बंद पडले की मृत्यू लांबतो आणि बीजाणू उपाशी मरतात. २०१३ मध्ये ईएटी१ आणि २०१४ मध्ये बीएचएलएच१४२ ही जनुके या साखळीत जोडली गेली. ईएटी१ प्रथिने तोडणाऱ्या दोन विकरांची जनुके चालू करते, तर बीएचएलएच१४२ टीडीआरशी जोडी करून ईएटी१ला कामाला लावते. जिबरेलिन संप्रेरकाचा निरोप पोचवणारे जीएएमवायबी याच काळात बाह्यभिंतीच्या घटकांवर देखरेख करते.

या साखळीतली बहुतेक जनुके इतर जनुकांना चालू-बंद करणारी प्रथिने बनवतात. एक कडी तुटली की पुढच्या अनेक कड्या निसटतात. म्हणूनच एका अक्षराच्या बदलानेही सगळे झाड नरवंध्य होऊ शकते. दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरातील गटाने २०११ मध्ये परागकोशाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर कोणती जनुके बोलतात, याचा विस्तृत नकाशा मांडला. साखळीतल्या एकेका जनुकाचे काम त्या मोठ्या चित्रात बसवून पाहायला अशा नकाशांची मदत होते.

पहिला मतभेद : मृत्यूची वेळ की पोषण

पोषकस्तर वेळेवर मेला नाही तर पराग वाया जातो, इथवर सगळे सहमत आहेत. पुढे मात्र दोन बाजू दिसतात. एका बाजूचे अभ्यासक मृत्यूच्या वेळेलाच मुख्य कारण मानतात. त्यांचा पुरावा भक्कम आहे : टीडीआर नसले तर मृत्यू लांबतो आणि झाड वांझ होते. बीएचएलएच१४२ गरजेपेक्षा जास्त चालवले तर मृत्यू लवकर येतो आणि तरीही झाड वांझच होते. उशीर आणि घाई दोन्ही मारक असतील, तर वेळ हाच नियंत्रणाचा गाभा ठरतो.

दुसरी बाजू म्हणते की वेळ हे वरवरचे लक्षण असू शकते. परागाला प्रत्यक्षात काय मिळाले, ते पाहायला हवे. सीवायपी७०४बी२ हे जनुक मेदाम्लांवर प्रक्रिया करणारे विकर बनवते. ते बिघडले की बाह्यभिंतच बनत नाही. सीएसए हे जनुक पानांकडून परागकोशाकडे येणाऱ्या साखरेच्या वाटेवर नियंत्रण ठेवते. ते बिघडले की पानांत साखर साचते आणि परागकोश उपाशी राहतो. या उदाहरणांत मूळ अडचण पुरवठ्याची आहे.

निवाडा लांबण्याचे एक कारण असे की एकाच जनुकाची कामे एकाहून अधिक निघतात. ईएटी१ फक्त मृत्यूचे जनुक आहे असे आधी वाटत होते. २०१८ मध्ये जपानच्या गटाने दाखवले की ते त्याआधी, अर्धसूत्री विभाजनाच्या वेळीही कामाला लागते आणि तेव्हा ते छोट्या आरएनए रेणूंच्या निर्मितीशी जोडलेले असते. एखाद्या जनुकाच्या बिघाडाने झाड वांझ झाले, एवढ्यावरून ते जनुक नेमके कोणत्या पायरीवर आवश्यक होते हे ठरत नाही. वेळ आणि पोषण यांना वेगळे करायचे तर जनुक ठरावीक क्षणीच बंद करता यायला हवे. ते तंत्र भातात अजून सरसकट हाताशी नाही.

दुसरा प्रश्न : पेशीद्रव्य आणि केंद्रक यांची ओढाताण

पेशीद्रव्यजन्य नरवंध्यत्वाचे मूळ तंतुकणिकांत, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांत आहे. तंतुकणिकांची स्वतःची जनुके असतात आणि ती आईकडूनच येतात. डब्ल्यूए प्रकारात तंतुकणिकेतल्या तुकड्यांची सरमिसळ होऊन डब्ल्यूए३५२ नावाचे नवे जनुक तयार झाले आहे. ग्वांगझूच्या गटाने २०१३ मध्ये मांडले की त्याचे प्रथिन सीओएक्स११ या केंद्रकातून आलेल्या प्रथिनाला अडकवते, त्यामुळे घातक ऑक्सिजन संयुगे साचतात आणि पोषकस्तर अकाली मरतो. चिन्सुरा बोरोच्या पेशीद्रव्यात नरवंध्यत्व ओआरएफ७९ नावाच्या दुसऱ्या जनुकाने घडते. २००६ मध्ये त्याला आवर घालणारी केंद्रकातली आरएफ१ए आणि आरएफ१बी ही जनुके ओळखली गेली. डब्ल्यूएला आवरणारे आरएफ४ २०१४ मध्ये हाती आले.

या दोन प्रकारांत एक फरक आहे आणि तो व्यवहारातही महत्त्वाचा ठरतो. डब्ल्यूएमध्ये आवर घालणारे जनुक झाडात एका प्रतीने असले तरी जवळपास सर्व पराग सशक्त होतात, कारण निकाल झाडाच्या ऊतीत लागतो. बोरो प्रकारात निकाल परागकणात लागतो. म्हणून संकरित झाडाचे निम्मे पराग वांझ निघतात, तरी दाणे भरतात, कारण उरलेले निम्मे पुरतात. आता ऐन फुलोऱ्यात उष्णतेने आणखी पराग मेले तर निम्म्यावर चालणाऱ्या झाडाकडे राखीव किती उरेल, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक भागातल्या चाचण्यांतूनच मिळेल.

आणखी एक कोडे कायम आहे. डब्ल्यूए३५२चा संदेश झाडात इतरत्रही असतो, पण त्याचे प्रथिन परागकोशातच, तेही ठरावीक वेळी साचते. ते तिथेच का साचते, याचा पूर्ण उलगडा झालेला नाही.

धोरणाच्या पातळीवर चर्चा आहे ती एकाच पेशीद्रव्यावरच्या अवलंबनाची. अमेरिकेत १९७० साली मक्याचे बहुतांश संकरित पीक एकाच ‘टेक्सास’ पेशीद्रव्यावर होते आणि त्यालाच बाधणाऱ्या करप्याने त्याचे मोठे नुकसान झाले. काही पैदासकार हा दाखला देऊन डब्ल्यूएखेरीज इतर पेशीद्रव्ये वापरात आणण्याचा आग्रह धरतात. इतरांचे म्हणणे असे की अनेक दशके विविध देशांत पिकूनही डब्ल्यूएमध्ये अशी दुर्बलता दिसलेली नाही आणि त्याच्याइतके स्थिर नरवंध्यत्व इतरत्र मिळणे सोपे नाही. दोन्ही बाजूंना आधार आहे. धोका दिसलेला नाही याचा अर्थ तो नाही असा होत नाही, आणि केवळ शक्यतेपोटी चालती पद्धत सोडून देणेही शहाणपणाचे नाही.

तिसरा प्रश्न : दिवसाची लांबी, तापमान आणि छोटे आरएनए

१९७३ मध्ये चीनच्या हूबेई प्रांतात शी मिंगसाँग यांना ‘नाँगकेन ५८’ या जापोनिका वाणात एक वेगळे झाड सापडले. मोठ्या दिवसांत ते नरवंध्य असे आणि दिवस लहान झाले की त्याचे पराग सशक्त होत. त्यामुळे ‘बी’ ओळीची गरज संपली : ऋतू बदलून तेच झाड मादी म्हणूनही वापरता येते आणि त्याचे बीही वाढवता येते. ही दोन ओळींची पद्धत.

त्या झाडातले जनुक कोणते, यावर २०१२ मध्ये दोन गटांची उत्तरे आली. वूहानच्या गटाने सांगितले की हा एक लांब आरएनए आहे, ज्यापासून प्रथिन बनत नाही आणि ज्याचे प्रमाण मोठ्या दिवसांत कमी पडले की पराग मरतात. ग्वांगझूच्या गटाने त्याच जागेतला तोच एका अक्षराचा बदल दाखवला, पण कर्ता म्हणून एका छोट्या आरएनएचे नाव घेतले. बदलाच्या जागेवर दोघांचे एकमत आहे; मतभेद तो बदल काम कसे करतो, यावर आहे. शिवाय हाच बदल ‘नाँगकेन ५८ एस’मध्ये दिवसाच्या लांबीला प्रतिसाद देतो, तर त्यापासून काढलेल्या ‘पेइआय ६४ एस’मध्ये प्रामुख्याने तापमानाला. म्हणजे उरलेल्या जनुकांच्या संगतीने एकाच बदलाचा अर्थ पालटतो.

छोट्या आरएनएंच्या भूमिकेवर २०१६ नंतर काम वेगाने वाढले. पीएमएस१ या जागेतल्या लांब आरएनएचे २१ अक्षरी तुकडे होतात आणि ते नरवंध्यत्वाशी जोडलेले आहेत, असे वूहानच्याच गटाने दाखवले. भाताच्या परागकोशात असे हजारो तुकडे तयार होतात. काही अभ्यासक त्यांना विशिष्ट संदेश तोडणारे नियंत्रक मानतात. त्यांतले बरेचसे नेमके काय करतात हे अस्पष्ट असल्याकडे इतर लक्ष वेधतात. दोन्ही पक्षांच्या बाजूने प्रयोग आहेत, पण निकाल लागलेला नाही.

आज वापरात असलेल्या चिनी दोन-ओळी वाणांपैकी बहुतेकांत टीएमएस५ हे दुसरेच जनुक आहे. ते बिघडले असेल तर तापमान साधारण २४ अंशांच्या वर गेल्यावर झाड नरवंध्य होते. २०१४ मध्ये ते एक आरएनए तोडणारे विकर असल्याचे आणि त्याच्या अभावी यूबिक्विटिन-एल४० या जोड-प्रथिनाचे संदेश साचत असल्याचे मांडले गेले. त्यानंतर त्याचे मूळ काम वाहक आरएनएच्या दुरुस्तीशी निगडित असल्याचेही पुरावे पुढे आले. या पद्धतीची दुबळी बाजू उघड आहे : बियाण्याच्या शेतात काही दिवस गारवा आला तर मादी ओळ स्वतःचेच बी धरते आणि सगळा संकर अशुद्ध होतो.

चौथा प्रश्न : ऊन आणि थंडी

जपानच्या होक्काइदो बेटावरच्या संशोधकांनी १९७०च्या सुमारास सिद्ध केले की थंडीला सर्वांत हळवा टप्पा म्हणजे बीजाणू नुकतेच सुटे झालेले असतानाचा. थंडीत परागकोशातली साखर फोडणाऱ्या विकराचे जनुक मंदावते आणि बीजाणूंना पोषण मिळत नाही. त्यासाठी पोटरीच्या काळात शेतात पाणी खोल ठेवून कोवळी लोंबी ऊबदार राखण्याचा उपाय तेथे रूढ झाला. पेशीतला टप्पा कळला म्हणून शेतातला उपाय सापडला, याचे हे चांगले उदाहरण आहे.

सुरत-नवसारीच्या उन्हाळी भाताचा प्रश्न उष्णतेचा आहे. ब्रिटनच्या रीडिंग विद्यापीठातील कृष्णा जगदीश आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की फुलोऱ्याच्या वेळी फुलाचे तापमान ३३.७ अंशांवर तासाभराहूनही कमी वेळ राहिले तरी वांझपणा सुरू होऊ शकतो. इथे महत्त्वाचे आहे ते फुलाचे तापमान, हवेचे नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या हवेत पारा ४० अंशांच्या आसपास असतानाही भात फारसे वांझ होत नाही, कारण बाष्पोत्सर्जनाने लोंबी गार राहते. दमट हवेत ती सोय घटते. किनाऱ्यालगतच्या दक्षिण गुजरातेत आणि कोकणात म्हणूनच केवळ कमाल तापमानाच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. आर्द्रताही पाहावी लागते.

यावर उपायांची दोन मते आहेत. पहिले मत उष्णता चुकवण्याचे. रानभात ‘ओरायझा ऑफिसिनॅलिस’मधून घेतलेला तिसऱ्या गुणसूत्रावरचा क्यूईएमएफ३ हा भाग फुले सकाळच्या गारव्यात लवकर उघडतो, असे जपान आणि फिलिपिन्समधल्या गटांनी दाखवले. दुसरे मत उष्णता सोसण्याचे. उत्तर प्रदेशातल्या नगीना केंद्राचा ‘एन २२’ हा जुना वाण जगभर उष्णतासहिष्णुतेचा मानदंड म्हणून वापरला जातो. त्याच्या गुणामागे अनेक जागांचे थोडेथोडे योगदान असल्याने तो चांगल्या दाण्याच्या वाणांत उतरवणे अवघड जाते. आधीच्या भागांत पाहिलेल्या पोषकस्तराच्या साखळीचा या गुणांशी संबंध कसा आहे, हा दुवा अजून कच्चा आहे. प्रयोगशाळेतल्या जनुकांची यादी आणि शेतातल्या उन्हाचे अनुभव अजून दोन वेगळ्या खात्यांत राहिले आहेत.

वापराचे मार्ग आणि त्यांवरची मते

संकरित भाताच्या बाजूने बोलणारे सरळ वाणांपेक्षा साधारण १५ ते २० टक्के अधिक उत्पादनाचा दाखला देतात. शंका घेणारे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, याकडे बोट दाखवतात. अनेक संकरित वाणांचा शिजलेला भात चिकट होतो आणि बाजारात त्याला कमी भाव मिळतो, हाही त्यांचा मुद्दा आहे. ‘आयआर ५८०२५ ए’वर आधारित वाणांबाबत ही तक्रार विशेष ऐकू येते. बियाणे तयार करणेही कष्टाचे आहे. नर आणि मादी ओळींचे फुलणे एका वेळी यावे म्हणून पेरणी मागेपुढे करावी लागते, मादीची लोंबी पानाच्या आवरणातून पूर्ण बाहेर यावी म्हणून जिबरेलिक आम्ल फवारावे लागते आणि फुलोऱ्यात दोरी ओढून पराग उडवावे लागतात. देशातले बरेचसे संकरित बियाणे आज तेलंगणातल्या करीमनगर-वरंगळ पट्ट्यात तयार होते.

तीन ओळींची आणि दोन ओळींची पद्धत हे पहिले दोन मार्ग; केंद्रकातल्या जनुकांचा थेट वापर हा तिसरा. २०१६ मध्ये चिनी संशोधकांनी ओएसएनपी१ या जनुकाच्या बिघाडावर आधारलेली पद्धत मांडली. तिच्यात नरवंध्य ओळ टिकवण्यासाठी पराजनुकाची, म्हणजे बाहेरून घातलेल्या जनुकाची, मदत घेतली जाते, पण शेतकऱ्याला मिळणाऱ्या बियाण्यात ते उरत नाही. भारतात पराजनुकाधारित नरवंध्यत्वाची चर्चा मोहरीच्या निमित्ताने झाली. २०२२ मध्ये डीएमएच-११ या मोहरीला नियामक समितीने शिफारस दिली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यावर भिन्न निकाल दिले. जनुक-संपादनाची वाट मात्र वेगळी आहे. परकी जनुके नसलेल्या संपादित पिकांना २०२२ मध्ये काही नियमांतून सूट मिळाली आणि मे २०२५ मध्ये भाताचे दोन संपादित वाण जाहीर झाले. ते परागाशी संबंधित नाहीत, पण टीएमएस५सारखे जनुक संपादित करून नव्या नरवंध्य ओळी बनवणे शक्य आहे, हे २०१६ मध्येच दिसले होते. समर्थकांना यात वर्षांची बचत दिसते. विरोधक जैवसुरक्षेच्या तपासणीचे आणि स्वामित्वहक्कांचे प्रश्न विचारतात. दोन्ही प्रश्नांना उत्तर द्यावेच लागेल.

चौथा मार्ग सर्वांत धाडसी आहे : गर्भ घडण्यासाठी परागाची गरजच संपवणे. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात इम्तियाज खांडे, वेंकटेसन सुंदरेसन आणि सहकाऱ्यांनी अर्धसूत्री विभाजन टाळून, गर्भ सुरू करणारे बीबीएम१ हे जनुक अंडपेशीत चालवले. एरवी ते जनुक शुक्रपेशीकडून येते. त्यातून आईची हुबेहूब प्रत असलेल्या बिया मिळाल्या, जास्तीत जास्त २९ टक्के. २०२२ मध्ये फ्रान्समधील गटाच्या साथीने हे प्रमाण ९५ टक्क्यांवर गेले. हे शेतात टिकले तर शेतकऱ्याला संकरित भाताचे बी घरी राखता येईल. त्याचे स्वागत कोण करेल आणि बियाणे उद्योग ते कसे स्वीकारेल, हा विज्ञानाबाहेरचा प्रश्न आहे. दाणा भरण्याचे प्रमाण सर्व हवामानांत टिकते का, हा मात्र विज्ञानाचा प्रश्न आहे आणि तो शेतावरच तपासावा लागेल.

काय सुटायचे आहे

इंडिका-जापोनिका संकराचा वांझपणा, जिथून हा इतिहास सुरू झाला, तो आता अंशतः समजला आहे. अशाच प्रकारच्या वांझपणात, भात आणि रानभात यांच्या संकरात, २०१८ मध्ये चिनी गटाने क्यूएचएमएस७ या जागेवर शेजारी असलेली दोन जनुके दाखवली : एक परागाला मारणारे, दुसरे वाचवणारे. ज्या परागात वाचवणारे नसते तो मरतो आणि ही जोडी स्वतःचा वाटा वाढवत जाते. अशा जागा अनेक आहेत. त्या सगळ्या एकत्र आल्यावर काय होते, याचा हिशेब अपुरा आहे.

त्यापलीकडे तीन प्रश्न मला निर्णायक वाटतात. पहिला, पोषकस्तराच्या साखळीतली वेळ आणि पोषण यांना वेगळे करून दोघांपैकी आधी कोण बिघडते, हे सिद्ध करणे. दुसरा, छोट्या आरएनएंपैकी नेमके कोणते परागाच्या भवितव्यावर निर्णय देतात, ते हजारोंच्या गर्दीतून वेगळे काढणे. तिसरा प्रश्न आपल्या भागाचा आहे. या साखळीतली बहुसंख्य जनुके जपान, कोरिया आणि चीनमधल्या जापोनिका वाणांत ओळखली गेली. आपण पिकवतो ते इंडिका, आणि तेही ३५ अंशांच्या पुढच्या दमट उन्हात. ‘नाँगकेन ५८ एस’ आणि ‘पेइआय ६४ एस’ यांतल्या फरकाने शिकवले आहे की संगत बदलली की जनुकाचे वागणे बदलते. म्हणून परदेशी निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू धरता येणार नाहीत.

नवसारी कृषी विद्यापीठाचे मुख्य भात संशोधन केंद्र आणि कर्जतचे केंद्र, दोघांकडे उन्हाळी हंगाम, स्थानिक वाण आणि नरवंध्य ओळी हाताळण्याचा अनुभव आहे. दिल्ली आणि हैदराबादेत जनुकांचे काम करणारे गट आहेत. पोटरीत असताना आणि फुलोऱ्यात, अशा दोन्ही टप्प्यांवर आपल्याच वाणांच्या परागकोशांची तपासणी या शेतांतल्या तापमान-आर्द्रतेच्या नोंदींसोबत झाली, तर उन्हाळी भातातले पोचट दाणे नक्की कोणत्या टप्प्यावर ठरतात हे कळेल. टप्पा कळला की पेरणीची तारीख, वाणाची निवड आणि पैदाशीची दिशा यांवरचा सल्ला अंदाजावर सोडावा लागणार नाही. होक्काइदोत थंडीबाबत हे घडले. दक्षिण गुजरात आणि कोकणात उष्णतेबाबत ते घडवण्याइतके ज्ञान आज उपलब्ध आहे. ते एकाच प्रयोगात एकत्र आणणे बाकी आहे.